ब्रूस डिकिन्सन यांचा गळा आणि १८७ रात्री

सांगलीहून एका वडिलांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा महाविद्यालयातील मित्रांबरोबर हेवी मेटल, म्हणजे रॉक संगीताचा एक दणदणीत प्रकार, गातो. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचे गायक ब्रूस डिकिन्सन हे त्याचे दैवत आहे, आणि रोज संध्याकाळी तो ज्या पट्टीत गातो ते ऐकून घरच्यांना धास्ती वाटते. असे गाऊन गळा किती वर्षे टिकतो, यात आयुष्यभराची कारकीर्द होऊ शकते का, आणि जिभेचा कर्करोग होऊनही डिकिन्सन पुन्हा कसे गाऊ शकले, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात २६ वर्षे आवाजाच्या तक्रारींवर उपचार करते आहे. माझ्याकडे शिक्षिका येतात, कीर्तनकार येतात, नाट्यगीते गाणारे येतात, आणि गेल्या पंधराएक वर्षांत रॉक व मेटल गाणारी मुले-मुलीही येऊ लागली आहेत. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मी डिकिन्सन यांच्याच आयुष्यातून देणार आहे, कारण चाळीस वर्षांहून अधिक काळ लोकांसमोर गायलेल्या त्या गळ्यात माझ्या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचा पुरावा सापडतो. माझे मत आधीच स्पष्ट सांगते: त्यांच्या आवाजाला उंच स्वरांमुळे जेवढा त्रास झाला, त्याहून कितीतरी अधिक त्रास कार्यक्रमांच्या वेळापत्रकामुळे झाला. आपल्या मुलाची काळजीही याच दिशेने घ्यायला हवी.

प्रथम त्या गळ्यावर पडणारा भार नेमका किती असतो ते पाहू. आपल्याकडे काळी एकच्या पट्टीत गाणारा पुरुष गायक तारसप्तकाच्या मध्यमा-पंचमापर्यंत गेला की श्रोते सरसावून बसतात. डिकिन्सन यांच्या गाण्यांत त्याच हिशेबाने तारसप्तकातील कोमल धैवत वारंवार येतो, आणि काही जागी ते त्याच्याही वर जातात. त्या कोमल धैवतावर स्वरतंतू एका सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गाणे एक तासाचे धरले आणि सरासरी ३०० कंपने मोजली, तरी एका रात्रीत दहा लाखांहून अधिक आघात होतात. ज्या भागावर हे आघात होतात तो जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीचा असतो. हे आकडे ऐकून पालक घाबरतात, पण हे आघात नीट जुळलेल्या श्वासावर झाले आणि त्यानंतर त्या पेशींना सावरायला वेळ मिळाला, तर निरोगी स्वरतंतू ते सोसतात. आपल्याकडचे शाहीर मोकळ्या मैदानात चढ्या आवाजात पोवाडे गात आले आहेत, आणि ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाचे संगीत नाटकातले नट रात्र-रात्र गात असत. उंच आणि मोठ्याने गाणे हा मुळात रोग नाही.

डिकिन्सन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९५८ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील वर्कसॉप या खाणकामगारांच्या गावी झाला. आजोबा कोळशाच्या खाणीत काम करत होते आणि लहानपणाची पहिली काही वर्षे त्यांचा सांभाळ आजी-आजोबांनीच केला. पुढे ते आई-वडिलांकडे शेफील्डला गेले आणि नंतर औंडल येथील निवासी शाळेत दाखल झाले. ती शाळा त्यांना मानवली नाही, मोठ्या मुलांकडून छळ सोसावा लागला आणि शेवटी शाळेने त्यांना काढूनही टाकले. मात्र तिथेच त्यांनी डीप पर्पल या बँडचे संगीत प्रथम ऐकले, तिथेच तलवारबाजी शिकली, आणि मित्राबरोबर बीटल्सचे एक गाणे वाजवत असताना त्या मित्राला जमत नसलेले वरचे स्वर आपल्याला सहज लागतात हे त्यांच्या लक्षात आले. त्यांना खरे तर ड्रम वाजवायचे होते.

तलवारबाजीचा उल्लेख मी केवळ चरित्रातील गंमत म्हणून करत नाही. पुढे ते त्या खेळात ब्रिटनमधील राष्ट्रीय क्रमवारीत येण्याइतके तयार झाले. तलवारबाजाला गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, बरगड्या मिटू न देता झटपट हालचाली कराव्या लागतात. जो गायक मंचावर उड्या मारत धावतो आणि तरीही पुढच्या ओळीसाठी त्याच्याजवळ श्वास शिल्लक असतो, त्याच्या शरीराला ही शिस्त फार उपयोगी पडते. वरच्या स्वराला जास्त हवा लागते असा नवशिक्यांचा समज असतो आणि त्या समजापायी ते खालून जोराने हवा ढकलतात. वास्तविक तिथे हवेचा दाब स्थिर राहावा लागतो. श्वास घेतल्यावर बरगड्या लगेच कोसळू द्यायच्या नाहीत, पोटाच्या स्नायूंनी हळूहळू हवा सोडायची आणि गळा मोकळा ठेवायचा, एवढेच त्यामागचे तंत्र आहे. सांगायला ते दोन वाक्यांत संपते. अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षे लागतात.

शाळेनंतर त्यांनी लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इतिहास हा विषय घेतला आणि सोबत लहान-मोठ्या बँडमधून गाणे चालू ठेवले. १९७९ मध्ये ते सॅमसन या बँडमध्ये आले. त्या काळात ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट उसळली होती आणि आयर्न मेडन त्या लाटेच्या अग्रभागी होता. त्यांचे तेव्हाचे गायक पॉल डि’आनो यांचा आवाज खरखरीत आणि तुलनेने खालच्या पट्टीतला होता. १९८१ मध्ये त्यांच्या जागी डिकिन्सन आले आणि बँडचे संस्थापक व बास वादक स्टीव्ह हॅरिस यांना आपल्या लांब, कथा सांगणाऱ्या रचनांसाठी हवा तसा उंच पल्ल्याचा गळा मिळाला. ‘हवाई हल्ल्याचा भोंगा’ हे टोपणनाव डिकिन्सन यांना याच काळात चिकटले.

२२ मार्च १९८२ रोजी प्रसिद्ध झालेला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा अल्बम ब्रिटनमधील अल्बम-विक्रीच्या यादीत (चार्टमध्ये) पहिल्या क्रमांकावर गेला. सॅमसनच्या व्यवस्थापनाशी झालेला करार आड येत असल्याने डिकिन्सन यांना त्यात गीतकार म्हणून नाव लावता आले नाही, जरी काही गाण्यांच्या घडणीत त्यांचा हात होता. या अल्बमच्या ध्वनिमुद्रणातील एक प्रसंग मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या ओळी अगदी हलक्या, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात आहेत आणि त्यानंतर एक दीर्घ किंकाळी येते. निर्माते मार्टिन बर्च यांनी त्या सुरुवातीच्या ओळी डिकिन्सन यांच्याकडून तासन्‌तास पुन:पुन्हा गाऊन घेतल्या. डिकिन्सन वैतागले, थकले, तरी बर्च समाधानी होईनात. दोन वर्षांपूर्वी ब्लॅक सबाथ या बँडच्या ध्वनिमुद्रणात रॉनी जेम्स डिओ यांनाही एका गाण्याच्या पहिल्या ओळीसाठी आपण असेच अडवले होते, कारण त्या एका ओळीत गायकाचे सारे आयुष्य उतरले पाहिजे, असे बर्च यांनी त्यांना समजावले. जगप्रसिद्ध झालेली ती किंकाळी या साचलेल्या वैतागातून बाहेर पडली असे डिकिन्सन यांनी स्वतः सांगितले आहे.

या प्रसंगातील किंकाळीचे कौतुक सगळे करतात. माझे लक्ष त्या हलक्या ओळींकडे जाते. कमी आवाजात, शब्द स्पष्ट ठेवून, स्वर न डळमळता गाणे ही स्वरतंतूंच्या आरोग्याची सर्वांत कठोर परीक्षा आहे. तंतूंवर थोडी जरी सूज असली तरी मोठ्याने गाताना ती लपते, हळू गाताना मात्र आवाज फाटतो किंवा सुरूच होत नाही. म्हणून मेटल गाणाऱ्या मुलाला मी पहिल्या भेटीत ओरडून दाखवायला सांगत नाही. त्याला एखादे अंगाईगीत अगदी हळू, वरच्या पट्टीत गायला सांगते. आपल्या मुलाला हे सहज जमत असेल तर बरीचशी धास्ती मनातून काढून टाकावी.

आता त्या १८७ रात्रींकडे वळते, कारण या उत्तराचा गाभा तिथे आहे. १९८४ मध्ये ‘पॉवरस्लेव्ह’ हा अल्बम आला आणि ९ ऑगस्ट १९८४ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथून ‘वर्ल्ड स्लेव्हरी टूर’ सुरू झाला. लोखंडी पडद्यामागील, म्हणजे तेव्हाच्या साम्यवादी गटातील, देशात संपूर्ण मंचसामग्री घेऊन गेलेल्या पहिल्या पाश्चात्त्य बँडपैकी आयर्न मेडन एक होता. हा दौरा ५ जुलै १९८५ रोजी कॅलिफोर्नियात संपला. ३३१ दिवसांत १८७ कार्यक्रम झाले. मधे ११ जानेवारी १९८५ रोजी ब्राझीलमध्ये पहिल्या ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात क्वीन या बँडच्या आधी ते लाखोंच्या समुदायासमोर गायले. (त्या रात्री क्वीनचे गायक म्हणून मंचावर आलेले फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले होते, हे मराठी वाचकांना आठवत असेलच.)

अकरा महिने, सरासरी दोन दिवसांहून कमी अंतराने, असे गाणे म्हणजे गळ्याच्या दृष्टीने काय असते ते जरा सविस्तर सांगते. एका कार्यक्रमानंतर स्वरतंतूंच्या आवरणावर हलकी सूज येते. पुरेशी झोप, पाणी आणि शांतता मिळाली की ती एक-दोन दिवसांत उतरते. दौऱ्यावर मात्र कार्यक्रम मध्यरात्रीच्या सुमारास संपतो, त्यानंतर जेवण होते आणि भरल्या पोटी आडवे झाल्यावर पोटातील आम्ल घशापर्यंत येते. बसमध्ये किंवा विमानात अर्धवट झोप मिळते. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. दुसऱ्या दिवशी मुलाखती असतात, आणि मुलाखतीत बोलणे हेही स्वरतंतूंचे कामच आहे. रात्री कार्यक्रमानंतर गजबजलेल्या खोलीत लोकांशी बोलताना, भोवतालच्या गोंगाटामुळे आपण नकळत आवाज चढवतो. माझ्या अनुभवात गायकांच्या गळ्याचे नुकसान गाताना जेवढे होते, त्यापेक्षा गाणे संपल्यावरच्या या बोलण्यात जास्त होते. सूज पूर्ण उतरण्याआधी पुढची रात्र येते, तेव्हा सुजलेल्या तंतूंना कंप पावायला जास्त दाब लागतो, जास्त दाबामुळे सूज आणखी वाढते, आणि कित्येक आठवड्यांनी जो आवाज उरतो त्यालाच गायक आपला आवाज समजू लागतो.

लाँग बीच येथील कार्यक्रमांवर मुख्यत्वे आधारलेला ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा अल्बम याच दौऱ्यात ध्वनिमुद्रित झाला. आपल्या मुलाने तो नक्कीच ऐकला असेल. त्यातील गाणे थरारक आहे, पण कान देऊन ऐकले तर काही वरच्या जागी आवाजाची कड खरवडलेली जाणवते, आणि स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात लांब धरलेले काही स्वर इथे आखूड होतात. मला त्यात गायकाची चूक दिसत नाही. दिसतो तो थकवा, आणि त्या थकव्यातही मंच सोडायचा नाही असा निश्चय.

दौरा संपल्यावर डिकिन्सन इतके दमले होते की संगीत सोडून द्यावे असा विचारही त्यांच्या मनात आला. त्यानंतरच्या ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८६) या अल्बमसाठी त्यांनी ध्वनिवर्धक नसलेल्या वाद्यांवर आधारित संथ वळणाची गाणी सुचवली. ती बँडने स्वीकारली नाहीत आणि त्या अल्बमवर गीतकार म्हणून त्यांचे नाव एकदाही नाही. मला तो प्रस्ताव थकलेल्या गळ्याने मागितलेली सुटी वाटतो. हे माझे अनुमान आहे, पण अनेक गायकांना त्याच अवस्थेत पाहिल्यानंतर केलेले अनुमान आहे.

यापुढची काही वर्षे मी थोडक्यात सांगते. १९८८ चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला, १९९० मध्ये त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, आणि १९९३ मध्ये त्यांनी आयर्न मेडन सोडला. जाण्याआधीच्या शेवटच्या दौऱ्यात ते काही रात्री मन लावून गात नव्हते अशी तक्रार बँडमधील सहकाऱ्यांनी नंतर उघडपणे केली. मन उडाले की श्वास उथळ होतो, शब्द गिळले जातात, आणि आवाज तब्येतीने ठणठणीत असूनही ऐकणाऱ्याला आजारी वाटतो. उपचार कक्षात ज्या तक्रारींचे कारण तपासणीत सापडत नाही, त्यांतल्या बऱ्याच याच जातीच्या असतात.

स्वतंत्र कारकिर्दीतील एक घटना मात्र थोडी थांबून सांगावीशी वाटते. डिसेंबर १९९४ मध्ये बोस्नियातील साराजेव्हो शहर वेढ्यात होते. वीज-पाण्याचा भरवसा नव्हता. अशा वेळी डिकिन्सन आपल्या साथीदारांसह एका मदतसंस्थेच्या मालमोटारीत मागे बसून डोंगरी रस्त्याने शहरात शिरले आणि तिथल्या तरुणांसमोर गायले. त्या शहराने २०१९ मध्ये त्यांना मानद नागरिकत्व दिले. कारकीर्द म्हणजे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चार्टमधील क्रमांकांइतकाच तो कार्यक्रमही कारकिर्दीचा भाग आहे.

‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ (१९९७) आणि ‘द केमिकल वेडिंग’ (१९९८) या दोन स्वतंत्र अल्बममध्ये त्यांचा आवाज अधिक भरदार झालेला ऐकू येतो. खर्जाकडचा भाग जाडसर आणि मधला पल्ला रुंद झाला आहे. चाळिशीच्या आसपास पुरुषाच्या आवाजात हा बदल स्वाभाविकपणे येतो, आणि जे गायक विशीतलाच आवाज धरून ठेवायचा हट्ट करतात ते या वयात गळा गमावतात. डिकिन्सन यांनी बदल स्वीकारला. १९९९ मध्ये ते गिटारवादक एड्रियन स्मिथ यांच्यासह आयर्न मेडनमध्ये परतले ते हा नवा, भरलेला आवाज घेऊन.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर मी त्यांना प्रत्यक्ष ऐकले. ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता. बँड आणि सर्व सामान ज्या बोइंग ७५७ विमानातून आले, त्याचे वैमानिक स्वतः डिकिन्सन होते. ते अ‍ॅस्ट्रेयस या ब्रिटिश विमान कंपनीत रीतसर नोकरी करत होते. सुरुवातीलाच ‘एसेस हाय’ हे गाणे घेतले. गळा पुरता तापण्याआधी एवढे चढे गाणे घेणे मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला सुचवणार नाही. मी दूर उभी राहून, सवयीने, त्यांचे खांदे पाहत होते. श्वास घेताना खांदे वर गेले की समजावे श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकला आहे. दोन तासांत, धावताना आणि उड्या मारतानाही, त्यांचे खांदे वर गेलेले मला फारसे दिसले नाहीत. तेव्हा त्यांचे वय ४९ होते.

त्या दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. म्हणजे दोन दिवसांना साधारण एक, आणि १९८४-८५ च्या दौऱ्याचा वेगही जवळपास असाच होता. फरक पुढे पडतो. मार्चच्या मध्यावर तो टप्पा संपला आणि पुढचा मेच्या उत्तरार्धात सुरू झाला, म्हणजे मधे दोन महिन्यांची मोकळीक होती. पूर्वी जो वेग अकरा महिने चालला, तो आता दीड महिन्यानंतर थांबवला जात होता. या एका बदलाने गळ्याचे आयुष्य किती वाढते ते मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही; आपण १९८५ आणि २००८ नंतरची ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत.

आता कर्करोगाविषयी. २०१४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये ‘द बुक ऑफ सोल्स’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ हे डिकिन्सन यांनी लिहिलेले १८ मिनिटांचे गाणे आहे. १९३० मध्ये इंग्लंडहून तेव्हाच्या हिंदुस्थानातील कराचीकडे निघालेले आर-१०१ हे महाकाय वायुजहाज फ्रान्समध्ये कोसळून ४८ माणसे मृत्युमुखी पडली, त्याची ती कथा आहे. ध्वनिमुद्रण संपल्यावर, नाताळाच्या सुमारास, तपासणीत जिभेच्या मुळाशी गाठ आढळली आणि मानेतील लसिकाग्रंथीतही रोग पोहोचला होता. म्हणजे ही सगळी गाणी ते गाठ गळ्यात असतानाच गायले होते.

उपचार किरणोत्सर्ग आणि औषधे अशा दोन्ही मार्गांनी सुमारे सात आठवडे चालले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी आजार जाहीर केला आणि मे महिन्यात डॉक्टरांनी ते रोगमुक्त झाल्याचे सांगितले. हा कर्करोग लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे झाला होता, आणि पुरुषांनी याविषयी संकोच सोडून बोलावे म्हणून त्यांनी ते कारण उघडपणे सांगितले. त्यांचे हे धैर्य मला गाण्याइतकेच मोलाचे वाटते. या विषाणूमुळे होणारा घशाचा कर्करोग उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतो, आणि त्यावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे, जी लहान वयात घेतली तर सर्वाधिक उपयोगी ठरते. गाण्याच्या प्रकाराशी या आजाराचा संबंध नाही. उंच गायल्याने कर्करोग होत नाही, हे मी आपल्याला निःसंदिग्धपणे सांगते.

महाराष्ट्रात माझ्यासमोर जे रुग्ण येतात त्यांचे चित्र वेगळे आहे. आपल्याकडे गाल आणि हिरडीचे कर्करोग जास्त दिसतात आणि त्यांचे मूळ तंबाखू, मावा आणि गुटख्यात असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्याकडे पंचविशीतले तरुण तोंड जेमतेम दोन बोटे उघडते अशा अवस्थेत येतात. आपला मुलगा मेटल गातो याची काळजी करण्यापेक्षा त्याच्या सरावाच्या खोलीत पुड्या येतात का, सिगारेट ओढली जाते का, याची चौकशी अधिक गरजेची आहे.

जिभेच्या मुळाशी किरणोत्सर्ग घेतलेल्या माणसाला पुन्हा गाणे का कठीण जाते तेही सांगते. लाळग्रंथी होरपळतात आणि तोंड कोरडे पडते. चव जाते. गिळताना दुखते. जिभेच्या मुळाचे स्नायू आणि त्याभोवतीच्या पेशी पुढे कित्येक महिने कडक होत राहतात, आणि स्वरांना आकार देणारी, ‘आ’ला ‘आ’ आणि ‘ई’ला ‘ई’ बनवणारी, तर तीच जीभ असते. स्वरतंतू शाबूत असले तरी त्यांच्या वरची पोकळी बदललेली असते. ओळखीच्या घरात कुणी रातोरात भिंती हलवाव्यात तसे ते असते. अशा वेळी घाई करणारा गायक जुना आवाज शोधत गळ्यावर जोर देतो आणि नवे दुखणे ओढवून घेतो. बँडने अल्बम सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, पण दौरा पुढे ढकलला. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी फ्लोरिडात डिकिन्सन पुन्हा मंचावर उभे राहिले, म्हणजे रोगमुक्त झाल्यानंतर नऊ महिन्यांनी. हे नऊ महिने माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणा निर्णय आहे. मे २०२५ मध्ये बँडचा पन्नास वर्षांचा दौरा बुडापेस्टहून निघाला, तेव्हा ६६ वर्षांचे डिकिन्सन त्याच जुन्या गाण्यांसह समोर होते.

कारकिर्दीच्या प्रश्नावर मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एवढ्या यशस्वी गायकानेही आयुष्य एकट्या गळ्यावर टाकलेले नाही. त्यांनी विमान चालवले, विमानांच्या देखभालीची कंपनी काढली, बीबीसीच्या रेडिओवर कार्यक्रम केले, कादंबऱ्या लिहिल्या. पैशाची गरज हे त्याचे एक कारण असेल, नसेल. पण गळ्याला सुटी देता येण्यासाठी माणसाजवळ दुसरे काहीतरी असावे लागते. ज्या गायकाला एक कार्यक्रम रद्द केला तर घरभाडे देता येत नाही, तो सुजलेल्या गळ्याने गातो. म्हणून मुलाने पदवी पूर्ण करावी असे मी म्हणते तेव्हा गाणे सुटावे हा हेतू त्यात मुळीच नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला असाच एक विशीतला मुलगा आवाज बसला म्हणून माझ्याकडे आला होता. त्याच्या तंतूंवर लहान, मऊ गाठी होत्या, ज्या विश्रांतीने आणि योग्य सरावाने बहुतेक वेळा जिरतात. मी त्या संगीताविषयी काहीही जाणून न घेता, हे गाणे कायमचे बंद कर, असे सांगितले. तो परत आलाच नाही. काही महिन्यांनी कळले की तो गातच होता, फक्त उपचार सोडले होते, आणि दुखत असताना वेदनाशामक गोळ्या घेऊन मंचावर उभा राहत होता. त्यानंतर मी हे संगीत लक्ष देऊन ऐकायला लागले. आपण घरी मुलाला बंदी केलीत तर तो गाणे थांबवणार नाही. दुखणे सांगणे मात्र थांबवेल.

मेटलमधील गुरगुरणारा, राक्षसी वाटणारा आवाज काढण्याचे तंत्र वेगळे आहे. त्यात खऱ्या तंतूंच्या वर असलेल्या मिथ्या स्वरतंतूंचा वापर होतो आणि ते जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावे लागते. डिकिन्सन यांचे गाणे प्रामुख्याने स्वच्छ, मोकळ्या स्वराचे आहे आणि आपल्या मुलाने तेच दैवत निवडले आहे, हे त्याच्या गळ्याच्या दृष्टीने चांगलेच आहे. त्याला रोज सकाळी पंधरा मिनिटे खर्जाचा रियाज, ओठ फडफडवत केलेले सूर आणि मिटल्या ओठांचा गुणगुणाट करू द्या. बँडच्या सरावात ड्रमच्या शेजारी उभे राहू नये, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप ओरडतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, गाताना दुखले किंवा पूर्वी सहज लागणारे हलके वरचे स्वर अचानक हरवले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत.

आणि तो तपासणीला किंवा माझ्याकडे येईल तेव्हा गाण्याच्या ध्वनिफिती आणल्या नाहीत तरी चालेल. गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी किती तास गायला, किती वाजता जेवला, किती झोपला आणि कार्यक्रमानंतर किती वेळ बोलत बसला, हे लिहिलेला एक कागद मात्र त्याने बरोबर आणावा. मी सुरुवात त्या कागदापासून करेन.